सेव्ह बॅटरी

सेव्ह बॅटरी ही व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजमध्ये किंवा कन्सोलमध्ये बसवलेली, नाण्याच्या आकाराची लहान बॅटरी होय. यंत्र बंद असताना खेळाडूने जतन केलेली माहिती पुसली जाऊ नये, तसेच काही खेळांतील घड्याळ चालू राहावे, यासाठी तिचा उपयोग होतो. बोलीभाषेत या बॅटरीला ‘सेल’ असेही म्हणतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० नंतरच्या काही वर्षांपर्यंत तयार झालेल्या असंख्य कार्ट्रिजांत अशी बॅटरी आढळते.

खेळाचा मूळ कार्यक्रम आणि खेळाडूने जतन केलेली माहिती या दोन गोष्टी कार्ट्रिजमध्ये वेगवेगळ्या चिपांवर असतात. मूळ कार्यक्रम ज्या चिपवर असतो, तिला माहिती टिकवण्यासाठी वीज लागत नाही. त्यामुळे बॅटरी संपली तरी खेळ पूर्वीसारखाच सुरू होतो. नष्ट होते ती केवळ खेळाडूने स्वतः निर्माण केलेली माहिती. खेळाची दुसरी प्रत मिळवता येते, परंतु एखाद्या व्यक्तीने त्यात नोंदवलेल्या प्रगतीची दुसरी प्रत नसते. या कारणाने जुन्या कार्ट्रिजमधील बॅटरी बदलण्यापूर्वी आतील माहितीची प्रत काढून घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळातील घरगुती व्हिडिओ गेम अल्प वेळात संपणारे असत. यंत्र बंद केले की गुणसंख्या पुसली जाई आणि पुढील वेळी खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यास दीर्घ कथानकाचे, अनेक दिवस चालणारे खेळ तयार होऊ लागले, तेव्हा प्रगती जतन करण्याची गरज निर्माण झाली. तोपर्यंत दीर्घ खेळ पूर्ण करण्यासाठी यंत्र रात्रभर चालूच ठेवणे, एवढाच मार्ग अनेक खेळाडूंपुढे होता.

या गरजेवरील पहिला सर्वमान्य उपाय म्हणजे पासवर्ड. खेळ थांबवताना पडद्यावर अक्षरांची एक मालिका दिसे. ती कागदावर उतरवून पुढील वेळी पुन्हा भरली की खेळ त्याच टप्प्यापासून सुरू होई. निन्टेन्डो कंपनीच्या ‘मेट्रॉइड’ या खेळाच्या अमेरिकेतील आवृत्तीत २४ अक्षरांचा पासवर्ड होता. प्रत्येक अक्षर ६४ चिन्हांपैकी एक असल्याने संपूर्ण पासवर्डमध्ये १८ बाइट एवढीच माहिती मावत असे. जपानमध्ये जानेवारी १९८७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ या खेळात पासवर्डची लांबी ५२ अक्षरांपर्यंत जाई. जपानी लिपीतील काही अक्षरांत केवळ दोन रेघांचा किंवा एका लहान वर्तुळाचा फरक असतो. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर हा फरक नीट दिसत नसे. एक अक्षर चुकले तरी पासवर्ड अमान्य होई आणि अनेक दिवसांचा खेळ वाया जाई.

दुसरा उपाय चुंबकीय चकतीचा होता. निन्टेन्डोने २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये आपल्या फॅमिकॉम यंत्रासाठी ‘डिस्क सिस्टिम’ हे जोडयंत्र विक्रीस आणले. त्याच दिवशी ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ हा खेळ चकतीच्या स्वरूपात प्रकाशित झाला. चकतीवर पुन्हा लिहिता येत असल्यामुळे खेळाडूची प्रगती तिच्यावरच नोंदवली जाई. मात्र हे जोडयंत्र जपानबाहेर विकले गेले नाही.

इतिहास

‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ हा खेळ ऑगस्ट १९८७ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा तो चकतीऐवजी कार्ट्रिजमध्ये बसवणे भाग होते. त्यासाठी कार्ट्रिजमध्ये ८ किलोबाइट क्षमतेची स्मृती-चिप व तिला वीज पुरवणारी लिथियम बॅटरी बसवण्यात आली. आतील बॅटरीच्या साहाय्याने प्रगती जतन करणारे हे अमेरिकेतील एनईएस यंत्रासाठीचे पहिले कार्ट्रिज होते. ८ किलोबाइट म्हणजे ८,१९२ बाइट. ‘मेट्रॉइड’च्या पासवर्डच्या तुलनेत ही जागा साडेचारशे पटींहून अधिक होती.

जपानमध्येही लवकरच कार्ट्रिजमधील बॅटरीचा वापर वाढला. डिसेंबर १९८७ मध्ये ‘फायनल फँटसी’ आणि ‘फँटसी स्टार’ हे दोन खेळ बॅटरीसह प्रकाशित झाले. यांपैकी पहिला फॅमिकॉमवर, तर दुसरा सेगा कंपनीच्या यंत्रावर होता. १० फेब्रुवारी १९८८ रोजी आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ या खेळाने पासवर्डची पद्धत सोडून ‘साहसाची वही’ या अर्थाचे नाव असलेली जतन-पद्धत स्वीकारली. या वहीत तीन खेळाडूंच्या नोंदी ठेवता येत.

निन्टेन्डोच्या सुपर एनईएस यंत्रावर बॅटरीचा वापर नित्याचा झाला. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये पार केलेले टप्पे, तर ‘एफ-झीरो’ या शर्यतीच्या खेळात सर्वोत्तम वेळा बॅटरीच्या आधारे टिकवल्या जात. १९८९ मध्ये आलेल्या गेम बॉय या हातात धरून खेळण्याच्या यंत्राच्या अनेक कार्ट्रिजांतही बॅटरी होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झालेले ‘पोकेमॉन’ मालिकेतील पहिले खेळ हे त्यांपैकी सर्वाधिक परिचित उदाहरण होय. या खेळांत पकडलेल्या प्रत्येक काल्पनिक प्राण्यासोबत त्याला प्रथम पकडणाऱ्या खेळाडूचे नाव व क्रमांक नोंदवलेला असतो. तारेने दोन यंत्रे जोडून प्राण्यांची देवाणघेवाण केली तरी ही नोंद कायम राहते. त्यामुळे एका कार्ट्रिजमध्ये भावंडांची किंवा शाळेतील मित्रांची नावे वर्षानुवर्षे टिकून असल्याचे आढळते.

रचना व कार्यपद्धती

बॅटरी असलेल्या कार्ट्रिजच्या सर्किट बोर्डावर सामान्यतः पुढील घटक असतात :

• रॉम चिप : हिच्यावर खेळाचा मूळ कार्यक्रम, चित्रे व संगीत असते. हिला माहिती टिकवण्यासाठी वीज लागत नाही.
• एसरॅम चिप : हिच्यावर खेळाडूची प्रगती लिहिली जाते. वीजपुरवठा थांबताच हिच्यातील माहिती नष्ट होते.
• बॅटरी : यंत्र बंद असताना एसरॅमला वीज पुरवते.
• डायोड किंवा नियंत्रक चिप : यंत्र चालू असताना यंत्राकडून व बंद असताना बॅटरीकडून वीज घेण्याची अदलाबदल करते.

एसरॅममधील प्रत्येक बिट काही ट्रान्झिस्टरांच्या लहान जोडणीत साठवलेला असतो. ही जोडणी वीज मिळेपर्यंत आपली स्थिती कायम राखते. माहिती वाचणे वा लिहिणे चालू नसेल, तर चिपला अत्यल्प, म्हणजे मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका प्रवाह पुरतो. अनेक चिपांना माहिती केवळ टिकवण्यासाठी सुमारे २ व्होल्ट दाब पुरेसा असतो. त्यामुळे ३ व्होल्टची एक लहान बॅटरी अनेक वर्षे काम देते.

यंत्र चालू असताना एसरॅमला वीज यंत्राकडून मिळते व बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही. खेळ जितका जास्त खेळावा तितकी बॅटरी लवकर संपते, हा समज म्हणून बरोबर नाही. कपाटात पडून राहिलेल्या कार्ट्रिजची बॅटरीही अखंड खर्च होत असते. तसेच या बॅटऱ्या पुन्हा भारित होण्याजोग्या नसतात, म्हणून यंत्राची वीज उलट दिशेने बॅटरीत शिरू नये याची काळजी डायोड किंवा नियंत्रक चिप घेते.

वीज बंद होण्याचा क्षण माहितीच्या दृष्टीने धोक्याचा असतो. दाब उतरत असताना यंत्राचा प्रक्रियक भलत्याच आज्ञा पाळू शकतो व त्या भरात एसरॅमवर निरर्थक माहिती लिहिली जाऊ शकते. म्हणून एनईएसवरील ‘झेल्डा’सारख्या खेळांत यंत्र बंद करताना रिसेटचे बटण दाबून धरण्याची सूचना दिलेली असे. रिसेट दाबलेले असताना प्रक्रियक थांबलेला असतो, त्यामुळे चुकीचे लेखन टळते. पुढील काळात नियंत्रक चिपांनी हे काम आपोआप करण्यास सुरुवात केली. अनेक खेळ जतन केलेल्या माहितीसोबत तिची बेरीजही लिहून ठेवतात. पुढील वेळी ही बेरीज जुळली नाही, तर माहिती बिघडली आहे असे समजून खेळ ती नोंद रद्द करतो.

बॅटरीचे प्रकार व आयुर्मान

कार्ट्रिजमध्ये बहुधा लिथियम-मँगनीज डायऑक्साइड प्रकारची बॅटरी वापरली जाते. तिच्या नावातच तिचे माप असते. ‘सीआर२०३२’ या नावातील २० हा आकडा २० मिलिमीटर व्यास, तर ३२ हा आकडा ३.२ मिलिमीटर जाडी दर्शवतो. याच रीतीने ‘सीआर२०२५’ची जाडी २.५ मिलिमीटर, तर ‘सीआर१६१६’चा व्यास १६ व जाडी १.६ मिलिमीटर असते. एनईएस व सुपर एनईएसच्या कार्ट्रिजांत सामान्यतः सीआर२०३२ आढळते. गेम बॉयच्या लहान कार्ट्रिजांत सीआर२०२५ किंवा सीआर१६१६ बसवलेली असते.

बॅटरीचे आयुष्य तिची क्षमता व चिपचा प्रवाह यांवरून काढता येते. सीआर२०३२ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. एसरॅमला २ मायक्रोअँपिअर प्रवाह लागत असेल, तर ही बॅटरी सुमारे १,१०,००० तास, म्हणजे साडेबारा वर्षे पुरेल. प्रवाह १ मायक्रोअँपिअर असेल, तर हाच काळ सुमारे २५ वर्षांवर जातो. प्रत्यक्षात उष्णता, दमट हवा, बॅटरीची स्वतःची अंतर्गत घट व चिपची गुणवत्ता यांमुळे हा काळ कमी-अधिक होतो. एकाच वर्षी तयार झालेल्या दोन कार्ट्रिजांपैकी एकाची बॅटरी संपलेली व दुसऱ्याची चालू असणे, हे त्यामुळे शक्य असते. १९८०च्या व १९९०च्या दशकांतील मूळ बॅटऱ्यांनी आता आपले अपेक्षित आयुष्य ओलांडले आहे. चालू स्थितीतील बॅटरी केव्हा थांबेल, याची पूर्वसूचना बहुतेक कार्ट्रिजे देत नाहीत.

घड्याळ असलेली कार्ट्रिजे

काही कार्ट्रिजांत जतन-स्मृतीशिवाय प्रत्यक्ष वेळ मोजणारे घड्याळही असते. जपानमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘पोकेमॉन गोल्ड’ व ‘पोकेमॉन सिल्व्हर’ या खेळांत दिवस, रात्र व वार यांप्रमाणे घटना बदलतात. त्यासाठी कार्ट्रिजमध्ये सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झ स्फटिक बसवलेला आहे. मनगटी घड्याळातही याच कंपनसंख्येचा स्फटिक वापरला जातो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद मिळतो.

या खेळांत एकच बॅटरी घड्याळ व एसरॅम या दोहोंना वीज पुरवते. घड्याळ अखंड चालत असल्याने ती साध्या कार्ट्रिजच्या बॅटरीपेक्षा लवकर संपते आणि घड्याळासोबत खेळाडूची प्रगतीही नष्ट होते. परिणामी १९९६च्या खेळातील नोंदी शाबूत असताना त्यानंतरच्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मधील नोंदी आधी पुसल्या जातात, असा उलटा क्रम आढळतो.

नोव्हेंबर २००२ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन रुबी’ व ‘पोकेमॉन सफायर’ या खेळांत ही उणीव दूर करण्यात आली. त्यांत प्रगती फ्लॅश स्मृतीवर जतन होते व बॅटरी केवळ घड्याळासाठी असते. बॅटरी संपल्यास तशी सूचना पडद्यावर येते, वेळेवर अवलंबून असणाऱ्या घटना थांबतात, परंतु जतन केलेली प्रगती सुरक्षित राहते.

कन्सोलमधील बॅटरी

काही यंत्रांत बॅटरी कार्ट्रिजऐवजी कन्सोलमध्येच असते. १९९४ मध्ये आलेल्या सेगा सॅटर्न यंत्रात ३२ किलोबाइट अंतर्गत स्मृती व घड्याळ असून दोन्हींसाठी एकच सीआर२०३२ बॅटरी आहे. ती यंत्राच्या मागील झाकणाखाली असते व कोणत्याही साधनाविना बदलता येते. बॅटरी संपल्यावर यंत्र सुरू करताना प्रत्येक वेळी भाषा व दिनांक विचारला जातो आणि जतन केलेले खेळ नाहीसे होतात.

१९९८च्या सेगा ड्रीमकास्टमध्ये घड्याळासाठी पुन्हा भारित होणारी बॅटरी असून ती सर्किट बोर्डाला डाख देऊन जोडलेली आहे. या यंत्राच्या ‘व्हीएमयू’ या स्मृतिपत्रकात दोन सीआर२०३२ बॅटऱ्या असतात. मात्र प्रगती फ्लॅश स्मृतीवर असल्यामुळे त्या संपल्या तरी जतन केलेली माहिती जात नाही.

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ४ या यंत्रातील घड्याळाच्या बॅटरीने वेगळाच प्रश्न निर्माण केला होता. बॅटरी संपलेली असेल व यंत्र कंपनीच्या इंटरनेट सेवेशी जोडलेले नसेल, तर विकत घेतलेल्या चकतीवरील खेळही सुरू होत नसत. भविष्यात ही सेवा बंद झाल्यास बॅटरी संपलेली सर्व यंत्रे निरुपयोगी ठरतील, अशी भीती त्यामुळे व्यक्त झाली. सप्टेंबर २०२१ मधील ९.०० क्रमांकाच्या प्रणाली-सुधारणेनंतर हा दोष दूर झाल्याचे आढळून आले.

आर्केड यंत्रांतील बॅटरी

नाणे टाकून खेळण्याच्या काही आर्केड यंत्रांत बॅटरीचा उपयोग माहिती जतन करण्यासाठी नव्हे, तर नकली प्रती रोखण्यासाठी केला गेला. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ पासूनच्या ‘सीपीएस-२’ या प्रणालीत खेळाचा कार्यक्रम सांकेतिक रूपात असून तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. बॅटरी संपली किंवा काढली की किल्ली नष्ट होई व संपूर्ण खेळच बंद पडे. म्हणून संग्राहक तिला ‘आत्मघाती बॅटरी’ म्हणतात.

या प्रणालीचे सांकेतिकीकरण पुढे स्वतंत्र अभ्यासकांनी उलगडले. हरवलेली किल्ली बोर्डावर पुन्हा लिहिण्याची पद्धतही विकसित झाल्याने बंद पडलेली अनेक यंत्रे पुन्हा चालू करता आली. घरगुती कार्ट्रिजमध्ये बॅटरी संपल्यास केवळ खेळाडूची माहिती जाते, तर या यंत्रांत खेळच चालेनासा होतो, हा दोहोंतील मुख्य फरक होय.

बॅटरी संपल्याची लक्षणे

बॅटरी संपलेल्या कार्ट्रिजमध्ये साधारणपणे पुढील लक्षणे दिसतात :

• खेळ व्यवस्थित सुरू होतो, परंतु जुनी प्रगती पुढे चालू करण्याचा पर्याय दिसत नाही.
• प्रगती जतन झाल्याचा संदेश येतो, मात्र यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती सापडत नाही.
• घड्याळ असलेल्या खेळांत वेळ थांबते किंवा पुन्हा लावण्याची सूचना येते.
• जतन केलेल्या नोंदींत निरर्थक अक्षरे दिसतात.

केवळ रिसेट करून पाहिल्यास बॅटरीची खरी अवस्था कळत नाही, कारण त्या वेळी एसरॅमला यंत्राकडून वीज मिळत असते. खात्री करण्यासाठी यंत्र पूर्णपणे बंद करून काही वेळाने पुन्हा सुरू करावे लागते. कार्ट्रिजच्या संपर्कपट्ट्यांवर मळ किंवा गंज असेल तरीही माहिती वाचण्यात अडथळा येतो. त्यामुळे बॅटरी संपली असे ठरवण्यापूर्वी या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून पाहतात. कार्ट्रिजमध्ये तोंडाने फुंकर मारण्याची सवय सर्वत्र आढळते, परंतु श्वासातील ओलाव्यामुळे पट्ट्या गंजण्याचा धोका असतो.

माहितीची प्रत काढणे

बॅटरी काढली की एसरॅमची वीज तुटते व आतील माहिती पुसली जाते. संपत आलेली बॅटरी माहिती वाचवण्याच्या हेतूने घाईघाईने बदलली, तर त्या बदलण्यातच ती माहिती नष्ट होते. म्हणून आधी प्रत व नंतर दुरुस्ती हा क्रम पाळणे गरजेचे असते.

प्रत काढण्यासाठी संगणकाला जोडता येणारी कार्ट्रिज-वाचक यंत्रे मिळतात. त्यांच्या साहाय्याने एसरॅममधील माहिती एका लहान फाइलमध्ये उतरवली जाते. बॅटरी बदलल्यानंतर हीच फाइल त्याच कार्ट्रिजवर परत लिहिता येते. ती संगणकावरील अनुकरण-प्रणालीतही, म्हणजे इम्युलेटरमध्ये, उघडता येते. अशी फाइल सामान्यतः काही किलोबाइटचीच असते. पहिल्या ‘पोकेमॉन’ खेळांतील संपूर्ण नोंद ३२ किलोबाइटमध्ये मावते, म्हणजे तिला मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहून कितीतरी कमी जागा लागते. प्रत काढल्यावर ती इम्युलेटरमध्ये उघडून तपासणे व एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे हितावह असते.

वाचक यंत्र उपलब्ध नसल्यास काही तंत्रज्ञ दुसरी बॅटरी समांतर जोडून किंवा कार्ट्रिजला यंत्राची वीज चालू ठेवून जुनी बॅटरी काढतात. या पद्धतीत चुकीच्या स्पर्शाने शॉर्टसर्किट होऊन माहिती व चिप दोन्ही गमावण्याचा धोका असतो. सेगा सॅटर्नसारख्या यंत्रात बाह्य स्मृती-कार्ट्रिजवर प्रत काढून नंतर बॅटरी बदलणे अधिक सुरक्षित ठरते.

आधीच पुसली गेलेली माहिती परत मिळवता येत नाही. चुंबकीय चकतीवर किंवा फ्लॅश स्मृतीवर पुसलेल्या माहितीचे अवशेष कधीकधी सापडतात. दीर्घकाळ वीज नसलेल्या एसरॅममध्ये मात्र असे वाचण्याजोगे काही उरत नाही.

बॅटरी बदलण्याची पद्धत

निन्टेन्डोची बहुतेक जुनी कार्ट्रिजे साध्या पेचकसाने उघडत नाहीत. त्यांच्या विशेष स्क्रूंसाठी ३.८ मिलिमीटर मापाचा पेचकस लागतो, तर कन्सोल उघडण्यासाठी ४.५ मिलिमीटरचा. आतील बॅटरीच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या असून त्या पट्ट्यांना बोर्डावर डाख दिलेला असतो. बदलाचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. बोर्डावरील धन व ऋण चिन्हे पाहून जुन्या बॅटरीची दिशा नोंदवून घेणे.
२. मल्टिमीटरने बॅटरीचा दाब मोजणे. नवी बॅटरी ३ व्होल्टहून किंचित अधिक दाब दाखवते.
३. तापवलेल्या सोल्डरिंग लोखंडाने डाख वितळवून पट्ट्या सोडवणे.
४. पट्ट्या आधीच जोडलेली, त्याच मापाची नवी बॅटरी त्याच दिशेने बसवून डाख देणे.
५. जोड थंड झाल्यावर दाब पुन्हा तपासणे व खेळ जतन करून पाहणे.

पट्टी नसलेल्या साध्या बॅटरीच्या पृष्ठभागावर थेट डाख देणे धोकादायक असते. उष्णतेमुळे बॅटरी फुगू वा फुटू शकते. बॅटरी केवळ चिकटपट्टीने अडकवण्याची पद्धतही टिकाऊ नाही, कारण कार्ट्रिज हलताच संपर्क तुटून नवी माहितीही जाऊ शकते. काही तंत्रज्ञ बोर्डावर बॅटरीचे घर बसवतात, त्यामुळे पुढील वेळी डाख काढावा लागत नाही. मात्र लहान कार्ट्रिजांत त्यासाठी जागा पुरत नाही.

पर्यायी तंत्रज्ञान

बॅटरीविना माहिती टिकवणाऱ्या स्मृती स्वस्त होत गेल्या, तसा सेव्ह बॅटरीचा वापर कमी झाला. निन्टेन्डो ६४ यंत्रावर हे संक्रमण स्पष्ट दिसते. १९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये ५१२ बाइटची ईईप्रॉम चिप आहे. १९९८च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये ३२ किलोबाइट एसरॅम व बॅटरी आहे, तर २०००च्या ‘मेजोराज मास्क’मध्ये फ्लॅश स्मृती आहे. म्हणजे ‘झेल्डा’ मालिकेतील लागोपाठच्या या दोन खेळांपैकी एकातील नोंदी बॅटरीवर अवलंबून आहेत आणि दुसऱ्यातील नाहीत. सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावरील ‘सॉनिक ३’ या १९९४च्या खेळात एफरॅम ही बॅटरी न लागणारी स्मृती वापरण्यात आली होती. प्लेस्टेशनच्या १२८ किलोबाइट क्षमतेच्या स्मृतिपत्रकातही फ्लॅश स्मृतीच होती.

जुन्या कार्ट्रिजमधील एसरॅम काढून तिच्या जागी एफरॅम बसवण्याचे प्रयोगही केले जातात. त्यामुळे बॅटरी बदलण्याचा प्रश्न उरत नाही, परंतु कार्ट्रिजचे मूळ स्वरूप बदलते, म्हणून संग्राहकांत याबाबत एकमत नाही. फ्लॅश व ईईप्रॉम स्मृतीही चिरंतन नसून त्यांची टिकण्याची मुदत केवळ अधिक दीर्घ असते.

भारतातील स्थिती

भारतात १९९०च्या दशकात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. महाराष्ट्रात या यंत्रांच्या कार्ट्रिजला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ भरलेले असत आणि त्यांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ‘कॉन्ट्रा’ यांसारख्या, प्रगती जतन न करणाऱ्या लहान खेळांचा भरणा असे. त्यामुळे अशा बहुखेळी कॅसेटींत बॅटरी नसे व वीज गेली की खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागे. या पिढीतील अनेक भारतीय खेळाडूंना प्रगती जतन करण्याची सोय पुढे संगणकावर किंवा स्मृतिपत्रक वापरणाऱ्या यंत्रांवरच मिळाली.

बाजारात मिळणाऱ्या गेम बॉयच्या नकली कार्ट्रिजांपैकी काहींत बॅटरी मुळातच बसवलेली नसते किंवा हलक्या प्रतीची असते. अशी कार्ट्रिजे बाहेरून अस्सल दिसली तरी त्यांत प्रगती टिकेलच असे नाही.

सुरक्षितता व विल्हेवाट

नाण्याच्या आकाराच्या लिथियम बॅटऱ्या लहान मुलांसाठी अत्यंत धोकादायक असतात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. अशा प्रसंगी लक्षणांची वाट न पाहता मुलाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. काढलेली बॅटरी संपलेली वाटली तरी तिच्यात इजा करण्याइतका दाब शिल्लक असू शकतो. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवतात. भारतात बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी २०२२चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात देणे अपेक्षित आहे.

सांस्कृतिक महत्त्व

जतन केलेली माहिती नाहीशी होणे, हा जपानमधील एका पिढीचा सामाईक अनुभव मानला जातो. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्ये नोंद बिघडल्यास खेळाडूच्या साहसाची वही पुसली गेल्याचा संदेश पडद्यावर येई आणि त्यासोबत एरवी शापित वस्तू अंगावर चढवल्यावर वाजणारी धून ऐकू येई. हा प्रसंग पुढे जपानी लोकप्रिय संस्कृतीत वारंवार उल्लेखला गेला.

व्हिडिओ गेमच्या जतनकार्यात आजवर मुख्य भर मूळ कार्यक्रमांच्या प्रती काढण्यावर राहिला आहे. प्रसिद्ध खेळांच्या रॉमच्या प्रती त्यामुळे सुरक्षित आहेत व अनेक जुने खेळ नव्या यंत्रांवर पुन्हा प्रकाशितही झाले आहेत. उदाहरणार्थ, ‘पोकेमॉन गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ हे खेळ सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेन्डो ३डीएस यंत्रावर उपलब्ध झाले व त्या आवृत्तीत बॅटरीचा प्रश्न नव्हता. परंतु पुनर्प्रकाशित खेळ नव्याने सुरू करावा लागतो, जुन्या कार्ट्रिजमधील नोंदी त्यात येत नाहीत. वापरलेली कार्ट्रिजे विकत घेणाऱ्यांना त्यांत पूर्वीच्या मालकाचे नाव, त्याने प्राण्यांना ठेवलेली टोपणनावे व खेळात घालवलेल्या तासांची नोंद सापडते. एखाद्या घरातील दिवंगत व्यक्तीची अशी नोंद तिच्या हस्ताक्षरातील वहीप्रमाणे जपली जाते. वहीची शाई हळूहळू फिकी होते, तर एसरॅममधील नोंद बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेखाली जाईपर्यंत जशीच्या तशी राहते व त्यानंतर एकाएकी संपूर्ण नष्ट होते. त्यामुळे अशा नोंदींची प्रत बॅटरी चालू आहे तोवरच काढता येते.